जटलंडची काळी भांडी

बाजारात मडके घ्यायला गेलेली बाई ते आधी बोटाच्या पेराने वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडके पक्के. बद्द आला तर कोठेतरी चीर आहे, हे तिला कळते. हे मडके कोणी घडविले, असे मात्र ती विचारीत नाही. तसे विचारण्याची रीतही नाही. पिढ्यान् पिढ्या चुलीवर राहिलेल्या वस्तूंचा इतिहास लिहावयास बसले की हीच अडचण येते. वस्तू सापडते, तिचा उपयोग सापडतो, क्वचित तिची बाजारपेठही सापडते. पण ती घडविणारा हात सापडत नाही.

युरोपच्या उत्तरेकडील डेन्मार्क देशात अशीच एक वस्तू होऊन गेली. तिची हकीगत आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती वस्तू म्हणजे जटलंड या द्वीपकल्पात बनणारे, धुरात भाजलेले काळे मातीचे भांडे. डॅनिश भाषेत त्याला ‘यूदेपोत्ते’ म्हणतात. त्याचा अर्थ एवढाच, की जटलंडकरांचे भांडे. त्याला चाक लागत नसे, झिलई लागत नसे, मोठी भट्टीही लागत नसे. माती, धूर, एक गुळगुळीत गोटा आणि बायकांचे हात एवढ्या सामग्रीवर शेकडो वर्षे डेन्मार्कच्या व शेजारच्या मुलखांच्या चुली चालल्या. आपल्याकडे कुंभाराचे चाक परंपरेने पुरुषाच्या हाती राहिले, बाईने माती मळावी आणि मडक्यांवर रंगाचे पट्टे ओढावेत. जटलंडच्या माळावर मात्र भांडे घडविणे हे सर्वस्वी बाईचे काम होते. पुरुष माती खणून देई, जळण आणी आणि तयार माल गाडीत घालून विकावयास नेई.

डेन्मार्क म्हटले की हिरवीगार कुरणे आणि दूधदुभते आपल्या डोळ्यांपुढे येते. जटलंडचा पश्चिम व मध्य भाग पूर्वी तसा नव्हता. वार्डे या गावाच्या आसपासचा प्रदेश आणि सिल्केबोर्ग व विबोर्ग या गावांच्या दरम्यानचा टापू म्हणजे रेताड, वाऱ्याने झोडपलेले माळरान. त्यावर हीदर नावाचे बुटके, काटक झुडूप मैलोगणती पसरलेले असे. राय आणि बकव्हीट ही हलक्या जमिनीतली पिके कशीबशी निघत, मेंढ्या होत्या, पण नुसत्या शेतीवर घर चालणे कठीण. अशा ठिकाणी माणूस हाताशी जे असेल त्यालाच उपजीविका करतो. काही गावांनी मेंढीच्या लोकरीचे मोजे विणले, काहींनी लाकडाचे बूट कोरले. जेथे रेतीच्या खाली चांगली चिकणमाती लागली, तेथील बायकांनी भांडी घडविली. जळणाला पैसे पडत नव्हते. हीदर माळावर होतेच, आणि दलदलीतून खणून वाळविलेले पीट, म्हणजे शतकानुशतके कुजून दबलेल्या झाडापाल्याची जळाऊ माती, ती मुबलक मिळे.

या कामाला शाळा नव्हती आणि उस्तादही नव्हता. आईच्या शेजारी बसून मुलगी शिके. खणून आणलेली माती आधी जमिनीवर पसरून अनवाणी पायांनी तुडवायची. तुडविताना पायाला बारीकसा खडा लागला तरी तो वेचून टाकायचा, कारण मातीत राहिलेला एक खडा भाजताना अख्खे भांडे फोडतो. थंड, ओल्या मातीत तासन् तास पाय घालून उभे राहण्याचे हे काम घरातील मुलांच्या वाट्यालाही येई. मग बाई मांडीवर एक फळी आडवी घेऊन बसे. मातीच्या गोळ्याचा तळ थापून त्यावर मातीच्या वळ्या एकावर एक चढवी. एका हाताने भांडे हळूहळू फिरवावे आणि दुसऱ्या हाताने भिंत उभी करीत जावी, असा तो क्रम. चाकाचा वेग तेथे नव्हता, पण तयार भांडे पाहिले तर ते चाकावर केलेले नाही हे चटकन् ओळखू येत नाही, इतकी गोलाई त्या हातांना साधली होती. ओल्या कातड्याच्या तुकड्याने काठ सारखा केला, उचलण्यासाठी कान जोडले की भांडे थोडे सुकू द्यायचे.

अर्धवट सुकलेल्या भांड्याची भिंत सुरीने खरवडून पातळ करीत. नंतर खरे चिकाटीचे काम सुरू होई. गुळगुळीत गोटा घेऊन भांड्याचे सारे अंग घोटावयाचे. घोटल्याने मातीची रंध्रे दाबली जातात, पृष्ठभाग घट्ट होतो आणि त्यावर एक मंद चकाकी येते. भांड्याच्या गळ्यापाशी किंवा पोटावर त्याच गोट्याने जाळीच्या, नागमोडी किंवा उभ्या रेघा ओढीत. भाजून निघाल्यावर काळ्या अंगावर त्या रेघा काळ्याच, पण चमकदार दिसत. या भांड्यावर असलेली सजावट ती एवढीच. विकत आणावा लागेल असा कोणताही रंग तिच्यात नसे.

यापुढे अग्नीची परीक्षा. कच्चे भांडे एकदम जाळात घातले तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन ते तडकते. म्हणून आधी ते मंद धुरावर शेकून घेत. मग टेकाडाच्या उतारावर किंवा जमिनीत केलेल्या खळग्यात दगडांच्या आधारावर भांडी रचून त्यांवर गवताळ मातीची ढेपे झाकीत आणि खालच्या तोंडातून हीदरचा व पीटचा जाळ घालीत. आव्याला बांधीव भिंत नसे; तो दर वेळी रचावयाचा आणि दर वेळी मोडावयाचा. भांडी पुरेशी तापली की शेवटी सगळी तोंडे ढेपांनी घट्ट बुजवीत. आत धूर कोंडला जाई आणि बाहेरची हवा बंद होई.

भांडे काळे होते ते याच शेवटच्या घटकेला. मातीत लोह असते. भरपूर हवेत भाजले तर त्या लोहाला प्राणवायू मिळून माती तांबडी होते. आपल्याकडील आव्यातून निघणारे मडके लाल असते ते त्यामुळेच. हवा कोंडली तर आग प्राणवायूसाठी भुकेली राहते, ती मातीतील लोहाचा प्राणवायू ओढून घेते आणि लोह काळे पडते. त्याच वेळी धुरातील बारीक काजळी मातीच्या रंध्रांत जाऊन बसते. म्हणजे हा काळा रंग वरून लावलेला नसून भांड्याच्या अंगात मुरलेला असतो. तो पाण्याने जात नाही, घासून निघत नाही. त्या अशिक्षित बायकांना हे रसायनशास्त्र पुस्तकातून ठाऊक नव्हते. पण ढेपांच्या फटीतून येणाऱ्या धुरावरून आत काय चालले आहे, हे त्यांना ओळखता येत होते. चुकले तर कित्येक दिवसांचे कष्ट एका रात्रीत खापऱ्या होऊन पडत.

असे भांडे फार उंच तापमानाला भाजलेले नसते. ते काहीसे सच्छिद्र राहते, आणि हाच त्याचा मोठा गुण. दाट, काचेसारखे भांडे निखाऱ्यावर ठेवले तर एकीकडून तापून तडकण्याचा धोका. सच्छिद्र भांडे तापणे-निवणे सोसते. नव्या भांड्यात पहिल्यांदा दूध किंवा पिठाची पेज उकळून त्याची रंध्रे भरून घेत. पुढे ते सातूच्या पेजेला, वाटाण्याच्या कालवणाला, दूध तापविण्याला, सगळ्यालाच चाले. आणखीही एक गोष्ट होती. शहरातील कुंभारांची तांबूस, चकचकीत भांडी दिसायला देखणी असत; पण त्यांच्या झिलईत शिसे असे, आणि आंबट पदार्थ त्यांत राहिला तर ते विष अन्नात उतरे. माळावरच्या काळ्या भांड्याला झिलईच नव्हती. गरिबाचे म्हणून जे भांडे हिणविले गेले, ते त्या एका बाबतीत श्रीमंताच्या भांड्याहून निर्धोक होते.

स्वयंपाकाखेरीज सणालाही ते उपयोगी पडे. भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधावयाचे, त्याच्या मध्यभागी एक बोरू खोचावयाचा आणि ओल्या बोटांनी तो घासावयाचा. की भांडे घुमू लागे. हे वाद्य घेऊन मुले नववर्षाच्या सुमारास दारोदार गात हिंडत आणि खाऊ मिळवीत. वर्षअखेरच्या रात्री शेजाऱ्याच्या दारावर फुटकी भांडी फेकून पळून जाण्याची गमतीदार रीतही डेन्मार्कमध्ये होती. दारापुढे खापऱ्यांचा ढीग जेवढा मोठा, तेवढा तो घरधनी लोकांना आवडता, असे समजत.

ही भांडी किती जुनी? बाराव्या शतकात जटलंडच्या गावोगावी ग्रॅनाइट दगडाची चर्चेस उभी राहत होती. तो सारा देश तेव्हा कॅथलिक होता. त्या चर्चच्या परिसरातील घरांत गोल तळाची, हातांनी घडविलेली, करड्या-काळ्या रंगाची मडकी निखाऱ्यांत खुपसून ठेवलेली असत. उत्खननांत त्यांचे तुकडे भरपूर सापडतात. पुढच्या काळातील काळी भांडी ही त्याच परंपरेची संतती असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. १५३६ साली डेन्मार्क देशाने लूथरचा पंथ स्वीकारला. बिशपांची सत्ता गेली, मठ हळूहळू बंद झाले, उपासनेची भाषा बदलली. राजांच्या इतिहासात हे वर्ष म्हणजे एक मोठी सीमारेषा आहे. चुलीच्या इतिहासात तशी रेषा काढता येत नाही. सतराव्या-अठराव्या शतकांत तर या भांड्यांचा व्यापार चांगलाच वाढला.

व्यापार पुरुषांच्या हाती होता. पेंढ्यात नीट बसविलेली भांडी गाडीवर लादून गाडीवान माळ ओलांडीत आणि पूर्वेकडील सुपीक गावांत जात. तेथे रोख पैशापेक्षा धान्याच्या बदल्यात माल देणे अधिक सोयीचे, कारण धान्य हेच माळावर कमी होते. कोपनहेगनसारख्या शहरांत जहाजांतून माल जाई. पश्चिम किनाऱ्यावरील येर्टिंग व रीबे या बंदरांकडून तो उत्तर समुद्राच्या कडेने दक्षिणेस उतरे. श्लेसविग-होल्स्टाइन, हँबुर्ग, नेदरलँडचा उत्तर भाग अशा दूरदूरच्या ठिकाणी जमिनीत या भांड्यांचे तुकडे मिळतात. नगरातील कुंभारांचा संघ असे, त्याचे नियम असत, उमेदवारी असे, आणि त्या संघात स्त्रीला स्वतंत्र स्थान नसे. माळावरची भांडी घरकाम म्हणून गणली गेल्यामुळे ती या नियमांच्या बाहेर राहिली. स्वातंत्र्य मिळाले ते असे. पण संघाचा जो आधार असतो, भाव ठरविण्याची जी ताकद असते, तीही मग मिळाली नाही.

या भांड्यांना पडलेली नावे पाहण्यासारखी आहेत. डेन्मार्कमध्ये ती ‘जटलंडकरांची’. उत्तर जर्मनीतही कोठे तेच नाव, तर कोठे ‘टाटरटोप्फ’, म्हणजे भटक्यांचे भांडे, कारण गावोगाव हिंडणारी फिरती माणसे ती विकीत. माल जेथून आला त्या प्रदेशाचे नाव त्याला मिळाले, ज्याने दारात आणून विकला त्याचेही मिळाले. जिने घडविला तिचे नाव एकाही भाषेत त्याला मिळाले नाही.

आता कोणी विचारील, की त्या बायकांची नावे लिहून ठेवणारे कोणीच नव्हते काय? होते. डेन्मार्कमध्ये १६४५-४६ च्या राजाज्ञांनी प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंदवही ठेवणे धर्मगुरूंना बंधनकारक झाले. आपल्या धर्मग्रामांतही अशा वह्या आहेत. त्यांचे मोल वाचकांना सांगावयास नको. जटलंडच्या माळावरील धर्मग्रामांच्या वह्यांत या बायकाही असणारच. अमक्याची मुलगी म्हणून बाप्तिस्मा, अमक्याची पत्नी म्हणून विवाह, अमक्याची विधवा म्हणून दफन. तिच्या जन्ममरणाची तारीख धर्मगुरूने नेमाने लिहिली. पण साठ वर्षांच्या आयुष्यात तिने हजारो भांडी घडविली, हे लिहिण्यासाठी त्या वहीत रकानाच नव्हता. उलट वस्तुसंग्रहालयात पाहावे, तर तेथे भांडे आहे, प्रदेश आहे, अंदाजाचे शतक आहे, नाव नाही. एका ठिकाणी नावे आहेत, दुसऱ्या ठिकाणी काम आहे, आणि दोहोंना जोडणारा धागा तुटलेला आहे. आमच्या मते या काळ्या भांड्यांच्या इतिहासातील खरी हानी ती हीच.

व्यवसाय बुडाला त्याची कारणे तशी सरळ आहेत. एकोणिसाव्या शतकात बिडाची भांडी स्वस्त झाली. जटलंडच्या उत्तरेस मोर्स बेटावर १८५३ साली सुरू झालेला मोर्सो हा ओतशाळेचा कारखाना पुढे बिडाच्या शेगड्यांसाठी प्रसिद्ध झाला. उघडी चूल गेली आणि तिच्या जागी लोखंडी शेगडी आली. निखाऱ्यांत बसणाऱ्या भांड्याला सपाट तापलेल्या लोखंडावर जागा उरली नाही. पाठोपाठ एनॅमलची हलकी भांडी आली. १८५७ च्या कायद्याने व्यवसाय-स्वातंत्र्य जाहीर झाले आणि जुन्या संघांची मक्तेदारी पुढील काही वर्षांत संपली. त्याबरोबर माळावरच्या घरकामाला असलेली वेगळी सवलतही अर्थहीन झाली. १८६४ च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग व होल्स्टाइन गमावले, आणि दक्षिणेच्या ज्या बाजारपेठा एकाच राजाच्या अमलाखाली होत्या त्या सरहद्दीपलीकडे गेल्या.

त्या पराभवानंतर देशाने आपले तोंड स्वतःच्या ओसाड जमिनीकडे वळविले. १८६६ साली एन्रिको डाल्गास यांच्या पुढाकाराने माळ लागवडीखाली आणण्यासाठी संस्था स्थापन झाली. हीदरच्या जागी शेते आणि वृक्षलागवड आली. १८८२ साली वार्डेच्या उत्तरेस, ओल्गोडजवळच्या येडिंग गावी डेन्मार्कची पहिली सहकारी दुग्धशाळा सुरू झाली. हा नेमका काळ्या भांड्यांच्या मुलखालगतचा भाग. ज्या लहान शेतकऱ्याला एकट्याने बाजार झेपत नव्हता, त्याने शेजाऱ्याच्या दुधात आपले दूध मिसळले, नफा-तोटा वाटून घेतला, आणि थोड्या वर्षांत डॅनिश लोण्याने इंग्लंडची बाजारपेठ जिंकली. जगभरच्या सहकाराच्या इतिहासात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. ती योग्यच आहे. तथापि आमच्या मनात एक प्रश्न राहतो. त्याच मुलखात शतकानुशतके घरोघर एकेकटी बसून भांडी घोटणाऱ्या बायकांनी आपला माल एकत्र करून आपला भाव आपणच ठरवावा, हे कोणाला सुचले नाही. सुचले असते तरी त्या काळच्या कायद्यात विवाहित स्त्रीने मिळविलेला पैसा तिच्या हाती राहण्याची सोय नव्हती. डेन्मार्कमध्ये तो अधिकार तिला १८८० साली मिळाला. तोवर काळ्या भांड्यांचे दिवस भरत आले होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत उरलेल्या मोजक्या वृद्ध स्त्रियांबरोबर ही परंपरा संपली.

वस्तू नाहीशी होऊ लागली की तिच्याकडे लक्ष जाते. बर्नहार्ड ओल्सेन यांनी १८७९ साली पुरस्कारिलेले डॅनिश लोकजीवनाचे संग्रहालय १८८५ साली कोपनहेगनमध्ये खुले झाले, आणि शेतकऱ्याच्या घरातील साध्या वस्तूंना राजवाड्यातील वस्तूंसारखे जपण्याचा विचार देशात रुजला. एव्हाल्ड टँग क्रिस्टेन्सेन नावाच्या शाळामास्तराने जटलंडभर पायपीट करून गरीब म्हाताऱ्या माणसांकडून गाणी, कथा आणि जुन्या जगण्याच्या आठवणी टिपून घेतल्या. त्याच्या संग्रहाचे मोठेपण असे, की सांगणाऱ्यांची नावे त्याने टाकली नाहीत. त्याच्या आधीच्या पिढीतील लेखक स्टीन स्टीन्सेन ब्लिकर याचा जन्म १७८२ साली माळावरच्या विउम येथील धर्मगुरूच्या घरी झाला आणि तो स्वतःही १८१९ ते १८२५ या काळात तोर्निंग येथे धर्मगुरू होता. ही दोन्ही गावे भांड्यांच्या मुलखातली. १८४२ साली त्याने माळावरील मोजे विणणाऱ्यांच्या बैठकीवर बोलीभाषेत पुस्तक लिहिले व ते अजरामर झाले. विणताना माणसे एकत्र बसतात, गोष्टी सांगतात. लेखकाला ती सापडतात. मातीने हात भरलेल्या बाईला असा लेखक मिळाला नाही.

१९४० च्या सुमारास अॅक्सेल स्टीन्सबर्ग या डॅनिश लोकजीवन-अभ्यासकाने जटलंडच्या हातघडणीच्या भांड्यांवर लिहून हा विषय देशाबाहेरच्या पुरातत्त्वज्ञांपर्यंत पोहोचविला. प्राचीन काळी चाकाशिवाय भांडी कशी होत असतील, याचे कोडे सोडविताना त्यांना जटलंडच्या या बायकांची रीत मोलाची वाटली. पुढे जुन्या वस्तीच्या धर्तीवर उभारलेल्या खुल्या वस्तुसंग्रहालयांतून ढेपांचे आवे पुन्हा रचले गेले, आणि धुरात भांडी काळी करण्याची विद्या हौशी हातांनी नव्याने शिकून घेतली. हाताला मिळणारी ती जुनी समज मात्र प्रयोगाने पूर्ण परत येत नाही. पुस्तकात कृती सापडते. ढेपांच्या कोणत्या फटीतून किती धूर आला की ती बुजवावी, हे शेजारी बसूनच शिकावे लागते.

या परंपरेच्या अंताबद्दल हळहळावे की नाही, याविषयी आमचे मत आम्ही मोकळेपणाने सांगतो. जुने ते सारे सोने, असे मानणारे आम्ही नव्हे. ओल्या मातीत उभे राहिलेल्या मुलांचे पाय, धुराने चुरचुरणारे डोळे, एका फसलेल्या आव्याने बुडालेले आठवड्यांचे कष्ट, हे सगळे आम्हांला दिसते. ज्या मुलीने आईचा गोटा खाली ठेवून दुसरी वाट धरली, तिला दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही. बिडाच्या भांड्याने आणि दुग्धशाळेने तिच्या घरी काही सुखच आणले असेल. काम संपले याचे दुःख आम्हांला तेवढे नाही. ते काम चालू असताना कोणी तिला तिचे नाव विचारले नाही, आणि ते काम विद्या आहे असे कोणी मानले नाही, याचे दुःख अधिक आहे. मान मिळाला तो भांड्याला, आणि तोही ते फळीवरून उतरून काचेच्या कपाटात गेल्यावर.

हातघडणीच्या भांड्याची एक खूण असते. बाहेरून ते कितीही घोटलेले असो, आतल्या अंगाला, जेथे गोटा पोहोचत नाही, तेथे बोटांचे दाब राहून जातात. कपाटातील काळ्या भांड्यात वाकून पाहणाऱ्याला ते दिसू शकतात. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवहीत आपल्या पणजीचे नाव वाचताना आम्हांला हल्ली ते दाब आठवतात. पणजी काय करीत असे, हे त्या वहीत लिहिलेले नाही. घरातील थोरल्या माणसांना ते अजून ठाऊक आहे. त्यांना विचारून, नावाशेजारी काम लिहून ठेवण्यास फार खर्च येत नाही. एक वही आणि एक निवांत संध्याकाळ पुरते. जटलंडच्या बायकांसाठी ही संध्याकाळ कोणी काढली नाही.